तीन वर्षं बाकी असलेला गाईड

नेरूळ स्टेशनातून बाहेर पडून कुठल्याही सेक्टरकडे चालायला लागा, वाटेत क्लासच क्लास लागतात. बोर्डावर गुणवंतांचे फोटो, फोटोखाली टक्के. जेईई, नीट, सीईटी, सीए, परदेशी शिक्षण, सगळ्यांची सोय आहे. आमच्या सोसायटीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत कुणीही गृहस्थ तुम्हाला कॉम्प्युटरचा गेल्या वर्षीचा कट-ऑफ सांगू शकतो. अशा शहाण्या उपनगरात मी एक्कावन्नाव्या वर्षी जाहीर केलं की मला भाषाशास्त्रात पीएच.डी. करायची आहे आणि त्यासाठी विद्यापीठ शोधते आहे. लिफ्टमधले तिघंही आपापल्या मोबाइलकडे बघू लागले. नेरूळमध्ये मला पहिल्यांदाच कुणी सल्ला दिला नाही.

माझं एम.ए. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातलं, १९९६ सालचं, भाषाशास्त्रातलंच. नंतर बँकेची परीक्षा दिली, ती पास झाले, आणि पुढची सगळी वर्षं माझा भाषेशी संबंध ‘सदर कर्जदाराने’ एवढ्यापुरता उरला. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा लोकांनी विचारलं, आता काय, योगासनं की भजनी मंडळ? पीएच.डी. म्हटल्यावर घरात आधी गुणपत्रिका शोधली गेली, कारण नियमाप्रमाणे एम.ए.ला ५५ टक्के लागतात. मला ५६ आहेत. त्या काळी छप्पन्न टक्क्यांना पेढे वाटले होते. माझ्या मुलाने ती पिवळी पडलेली गुणपत्रिका दोन बोटांत धरून पाहिली आणि फार हळुवार आवाजात विचारलं, “आई, आणि तरी तुला बँकेत घेतलं?”

पुढचा प्रश्न सगळीकडे एकच असतो. भाषाशास्त्र म्हटलं की माणसं विचारतात, “म्हणजे तुम्हाला किती भाषा येतात?” खरं उत्तर साडेतीन असं आहे. समोरच्या फ्लॅटमधल्या केरळी काकांना हे उत्तर फार आवडलं, कारण त्यांना मल्याळम, तमिळ, हिंदी, इंग्रजी, मराठी आणि आखातातल्या नोकरीमुळे अरबी एवढ्या भाषा येतात, आणि या सहाही भाषांत ते सोसायटीच्या मेंटेनन्सवर भांडू शकतात. “मग मला आधी पीएच.डी. द्यायला हवी,” ते म्हणाले. मी समजावलं, “काका, तुम्हाला भाषा येतात. माणसाला भाषा मुळात येते कशी, चालते कशी, ते आम्ही शोधतो.” काका विचारात पडले. मग म्हणाले, “अच्छा. ज्यांना पोहता येत नाही ते पाण्याचा अभ्यास करतात.”

नवरा अभियंता आहे. आमच्याकडे मिक्सर घ्यायचा असला तरी आधी तक्ता तयार होतो. त्याने विद्यापीठांचा तक्ता केला: जागतिक क्रमांक, शुल्क, विद्यावेतन, हवामान, शाकाहारी जेवण, नेरूळपासूनचं अंतर. सगळ्यात वर अर्थातच अमेरिकेतली एमआयटी. नॉम चॉम्स्की तिथे १९५५ साली आले, १९६१ साली तिथे भाषाशास्त्राची पीएच.डी. सुरू झाली, आणि तेव्हापासून या विषयातले अर्धे लोक चॉम्स्कींचं बरोबर कसं ते सांगण्यात आणि उरलेले अर्धे ते चूक कसे ते सांगण्यात नोकऱ्या करताहेत. आम्ही हे नाव उच्चारताच फोनवर असलेल्या आतेसासूबाई खूश झाल्या. “एमआयटी म्हणजे कोथरूडलाच ना गं? मग राहायला आमच्याकडेच ये. पौड रोडवरून रिक्षा मिळते.”

अमेरिकेचं एक चांगलं आहे. चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला शुल्क माफ असतं आणि साधारण पाच वर्षं खर्चापुरतं विद्यावेतन मिळतं. बदल्यात पदवीच्या मुलांना शिकवायचं, त्यांचे पेपर तपासायचे. पण तिथवर पोचण्याआधी टोफेल देऊन आपल्याला इंग्रजी येतं हे सिद्ध करायचं, दर अर्जामागे शंभरेक डॉलर भरायचे आणि आपण हे का करतो आहोत यावर दोन पानी निबंध लिहायचा. नवऱ्याने लगेच गुणाकार केला. दहा विद्यापीठांनी आपल्याला नाही म्हणावं यासाठी आपण त्यांना किती रुपये देणार, तो आकडा त्याने लाल रंगात लिहिला.

खरी अडचण शिफारसपत्रांची होती. तीन लागतात, आणि ती आपल्याला शिकवलेल्या प्राध्यापकांची हवीत. बाविसाव्या वर्षी अर्ज करणाऱ्याचे प्राध्यापक जिवंत असतात, हे या पद्धतीने गृहीतच धरलंय. माझे काही गुरुजन कधीच निवृत्त झालेत, काही मुलांकडे परदेशी असतात आणि काहींची शिफारस मागायला फारच वर जावं लागेल. मला नि:शंकपणे पत्र देतील असे एकच गृहस्थ डोळ्यांपुढे आले, ते म्हणजे बँकेतले माझे शेवटचे साहेब. त्यांनी मसुदाही पाठवला. उमेदवार थकीत कर्जांच्या वसुलीत चिकाटी दाखवते, असं त्यात मनापासून लिहिलं होतं. पीएच.डी.ला हाच गुण सगळ्यात जास्त लागतो, हे मला पुढे कळलं, पण तेव्हा ते पत्र बाजूला ठेवलं.

मग युरोप. जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे या देशांत पीएच.डी. ही बऱ्याचदा चक्क नोकरी असते. जाहिरात निघते, पगार ठरलेला, रजा ठरलेली, पेन्शनसाठी कपात. “नोकरी!” नवरा खुर्चीत सरळ बसला. नेदरलँड्समधल्या नायमेखनला माक्स प्लांक संस्थेचं मनोभाषाविज्ञानाचं मोठं केंद्र आहे, भाषा डोक्यात कशी चालते यावर तिथे जगभरातली माणसं काम करतात. मी जाहिराती वाचायला घेतल्या. तिथे बहुतेक वेळा प्रकल्प आधी ठरलेला असतो, विषय ठरलेला, भाषाही ठरलेली. पापुआ न्यू गिनीतल्या एका गावी दोनदा जाऊन राहावं लागेल, अशी अट असलेली जाहिरात मी मोठ्याने वाचली. सासूबाई देवघरातून म्हणाल्या, “गणपतीत नको गं जाऊस.”

आता उरला भारत, म्हणजे यूजीसी. यूजीसीची २०२२ सालची पीएच.डी.ची नियमावली मी बँकेच्या परिपत्रकाच्या सवयीने ओळ न् ओळ वाचली, आणि सांगते, विनोदी वाङ्मयात तिची नोंद व्हायला हवी. किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. पुन्हा नोंदणी केली तर आणखी दोन. उमेदवार स्त्री असेल तर वर आणखी दोन, म्हणजे मला एकूण दहा. शिवाय २४० दिवसांची प्रसूती रजा. हे कलम मी जेवताना वाचून दाखवलं तेव्हा मुलगा ताट घेऊन आतल्या खोलीत गेला.

पण नियमावलीतलं खरं नाट्य गाईडच्या कलमांत आहे. प्राध्यापकाला एका वेळी आठ विद्यार्थी घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला सहा, साहाय्यक प्राध्यापकाला चार. आणि ज्याच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलीत त्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. आता माझ्या बाजूने बघा. आमच्या संस्कारांप्रमाणे गुरू वयाने मोठा हवा. राज्यातल्या विद्यापीठांत निवृत्तीचं वय साठ. म्हणजे मला एक्कावन्न ते सत्तावन्न या वयातला, भाषाशास्त्रातला, मराठीवर काम करणारा आणि आठातली एक जागा रिकामी असलेला माणूस हवा. माझ्या धाकट्या बहिणीसाठी एके काळी स्थळं बघितली होती, तेव्हाही आमच्या अटी इतक्या कडक नव्हत्या. एका ठिकाणी एक हुशार तरुण प्राध्यापक मिळाले. चार जागा, पैकी दोन रिकाम्या. वय चौतीस. बोलता बोलता ते मला ‘काकू’ म्हणाले आणि दोघंही इतके ओशाळलो की संशोधनाचा विषय निघालाच नाही.

तक्त्यात तोवर दिल्लीचं जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठ, हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ आणि तिथलंच इंग्रजी व परकीय भाषांचं विद्यापीठ, पवईची आयआयटी, कलिना आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज एवढी नावं जमली होती. १९६९ साली सुरू झालेली म्हैसूरची भारतीय भाषा संस्थाही होती, तिच्यापुढे नवऱ्याने ‘हवा उत्तम, डोसा उत्तम’ असा शेरा मारला होता. नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिना ३७ हजार मिळतात, पण त्याला वयाची अट आहे आणि ती मी बँकेत असतानाच कधीतरी ओलांडली. तेव्हा पैशाचा रकाना पुसला गेला. उरलं अंतर. अंतराच्या हिशेबात कलिना पहिलं आलं: नेरूळहून हार्बरने कुर्ला, कुर्ल्याहून रिक्षा. मुंबईकराचं उच्चशिक्षण शेवटी रेल्वेच्या नकाशावरच ठरतं.

इथवर सगळं विद्यापीठांचं झालं. माझा विषय काय, हे घरात कुणी विचारलं नव्हतं, आणि विद्यापीठांनी मात्र आधी तेच विचारलं.

विषय मी निघतानाच बरोबर घेतला होता. नवी मुंबई वसवताना ठाणे-रायगड पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. ती गावं गेली नाहीत, सेक्टरांच्या मधे बसून राहिली. आमच्या आसपासच शिरवणे, कुकशेत, सारसोळे, करावे, दारावे. सात मजली इमारतींच्या मागच्या गल्लीत एकदम मासळीचा वास येतो, वरातीचा बँजो वाजतो आणि भाषा बदलते. गाडीची गारी होते, पाण्याचं पानी, डोळ्याचा डोला. आपण ‘घरात’ म्हणतो तिथे आगरी-कोळी माणूस ‘घरान’ म्हणतो. जॉर्ज ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या मराठीच्या खंडात, म्हणजे १९०५ साली, आगरीची नोंद आहे. त्या सर्वेक्षणात देशभरातल्या बोलींकडून बायबलातली उधळ्या मुलाची एकच गोष्ट वदवून घेतली होती, त्यामुळे त्यातली जवळजवळ प्रत्येक बोली कागदावर आली ती बापाचे पैसे उडवतच. मला बघायचं होतं की शंभराहून जास्त वर्षांनी, चहूबाजूंनी सेक्टर उगवल्यावर, या ‘घरान’चं काय झालं.

आता हा एवढासा विषय घेऊन मी दारोदार फिरले, काही ठिकाणी प्रत्यक्ष, काही ठिकाणी व्हिडिओ कॉलवर, आणि प्रत्येक दारातून तो वेगळा होऊन बाहेर आला. एका ठिकाणी वाक्यरचनेचे तज्ज्ञ होते. त्यांनी पाच मिनिटांत ‘घरान’चा फळ्यावर वृक्ष काढला, फांद्यांना इंग्रजी अक्षरं लावली आणि म्हणाले, करावे गावाला जायची गरज नाही, तुम्हाला स्वतःला वाक्य बरोबर वाटतं का तेवढं सांगा. दुसरीकडे ध्वनिशास्त्र होतं. तिथे म्हणाले, ‘ड’चा ‘र’ होतो म्हणजे जीभ नेमकी कुठे लागते? प्रात नावाचं सॉफ्टवेअर आहे, अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राध्यापकांनी केलेलं, फुकट मिळतं, त्यात आवाजाच्या लाटा मोजा. तिसरीकडे विचारलं, “तुमच्याकडे दहा लाख वाक्यं आहेत का? संगणकाला शिकवायला निदान तेवढी लागतील.” मी म्हटलं, वाक्यं भरपूर आहेत, पण ती सकाळी साडेआठला मासळी विकताना बोलली जातात. आणि एका ठिकाणी फार मायेने सुचवलं, “ही भाषा मरणाला टेकली आहे असं दाखवता येईल का? लुप्त होणाऱ्या भाषांना अनुदान लवकर मिळतं.” मला आमच्या मासळीवाल्या मावशींचा आवाज आठवला. तो आवाज ऐकून कुठलाही अनुदान देणारा स्वतःच्या प्रकृतीची काळजी करील.

तेव्हा नवऱ्याच्या तक्त्यातला मोठा दोष ध्यानात आला. त्यात विद्यापीठांचे सगळे गुण होते. कुठे गेलं की माझ्या प्रश्नाचं काय होईल, हा रकाना नव्हता. आणि भाषाशास्त्रात तर तोच रकाना खरा. पुरावा हवा असेल तर मराठीचाच घ्या. एकच मराठी, पण ती बघायला कोण कुठून आलं त्यावर ती बदलत गेली. पॅरिसच्या झ्यूल ब्लॉक यांनी मराठीवर पुस्तक केलं, १९२० साली ते प्रसिद्ध झालं. त्यांच्या शिक्षणात भाषा म्हणजे इतिहास, म्हणून त्यांना मराठीत संस्कृत-प्राकृतापासून झिजत आलेले ध्वनी दिसले. आपले अशोक केळकर कॉर्नेलला गेले, तिथे रचनेचा जोर होता. १९५८ साली त्यांनी मराठीचे ध्वनी आणि रूपं शिस्तीत मांडून डॉक्टरेट घेतली. सांगलीजवळच्या कुपवाडला बर्कलीचे जॉन गम्पर्झ रॉबर्ट विल्सन यांच्या जोडीने पोचले. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी शेजारी नांदून इतक्या एकसारख्या झाल्या होत्या की शब्द तेवढे वेगळे, वाक्याचा सांगाडा जवळजवळ एकच. हा १९७१ सालचा लेख जगभर भाषाशास्त्राच्या वर्गात शिकवतात. कुपवाडला विचारलं तर लोक तुम्हाला एमआयडीसीचा रस्ता दाखवतील. आणि आपले प्रशांत परदेशी जपानात गेले, तर मराठी क्रियापदाच्या शेजारी जपानी क्रियापद येऊन बसलं.

सगळ्यात मोठं उदाहरण मॅक्सीन बर्नसन यांचं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विल्यम लबॉव्ह नुकतेच आले होते. कोण माणूस, कुठल्या थरातला, कसं बोलतो हे मोजण्याचं शास्त्र त्यांनी उभं केलं होतं. बर्नसनबाईंनी १९७३ साली त्याच विद्यापीठातून फलटणच्या बोलण्यावर डॉक्टरेट केली. मग पदवी घेऊन विमानतळाकडे जाण्याऐवजी त्या फलटणलाच राहिल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं, प्रगत शिक्षण संस्था काढली आणि मुलांना वाचायला शिकवत आयुष्य काढलं. हे मी घरात सांगितलं तेव्हा नवऱ्याने सावधपणे विचारलं, “म्हणजे तू करावे गावात राहायला जाणार?” मी म्हटलं, रिक्षाने जाऊन-येऊन करीन. तो म्हणाला, तरी तक्त्यात लिहून ठेवतो.

मग मी पुण्याला डेक्कन कॉलेज बघायला गेले. डेक्कन कॉलेज डेक्कनवर नाही, हे आधी आतेसासूबाईंना समजावून सांगावं लागलं. ते येरवड्याला आहे. “येरवड्याला?” त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. पुणेकरांच्या मनात येरवड्याला दाखल होण्याचे दोनच मार्ग आहेत. तिसरा मार्ग भाषाशास्त्राचा आहे आणि तोही तसा जुनाच: या संस्थेची मुळं १८२१ सालच्या संस्कृत पाठशाळेत आहेत, टिळक-आगरकर इथेच शिकले आणि १९३९ पासून ती पदव्युत्तर संशोधनाची संस्था आहे. दगडी इमारत, दाट झाडं, आणि आत तो प्रसिद्ध संस्कृत कोश.

तो कोश ज्याने पाहिला नाही त्याने पीएच.डी.चा विचारच करू नये. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली काम सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपायचे, प्रत्येक शब्द कुठल्या ग्रंथात कोणत्या अर्थाने आला ते दाखवायचं. कागदाच्या चिठ्ठ्याच एक कोटीच्या घरात, खणांच्या कपाटांत ओळीने लावलेल्या. पहिला भाग १९७६ साली छापून निघाला. खंडामागून खंड निघत आले आणि अक्षर अजून ‘अ’ चालू आहे. त्या कपाटांमधल्या वाटेने चालताना मला अपार शांत वाटलं. प्रबंधाला उशीर का झाला, असं या वास्तूत कुणी कुणाला विचारू शकणार नाही. या कोशाला आधार म्हणून घेतलेले ग्रंथ ऋग्वेदापासून सुरू होतात आणि ‘हास्यार्णव’ नावाच्या प्रहसनापाशी संपतात. बहुतेक पीएच.डी.चा प्रवास हाच असतो.

पुण्याहून परतल्यावर थोडं प्रत्यक्ष काम करून बघावं म्हणून मी मासळीवाल्या मावशींना विचारलं, तुमचं बोलणं रेकॉर्ड करू का? आता कुठल्याही विद्यापीठात माणसांवरचं संशोधन म्हटलं की लेखी संमती लागते. मी तीन पानी संमतिपत्र तयार केलं होतं: माहिती गोपनीय राहील, केव्हाही माघार घेता येईल, वगैरे. मावशींनी कागद हातात घेतला नाही. म्हणाल्या, “आमचे आज्यानी पन अशीच सही केलती. मंग शेतान बिल्डिंगी झाल्या.”

सहीविना नुसतं ऐकायला कुणाची हरकत नव्हती. ऐकलं तर वेगळीच अडचण निघाली. माझ्याशी मावशी स्वच्छ बोलत होत्या: “मॅडम, एकदम फ्रेश आहे, घरात नेऊन बघा.” घरात! मधेच त्यांच्या लेकाचा फोन आला, तेव्हा त्या म्हणाल्या, “मी घरान नाय, सोसायटीन हाय.” फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून पुन्हा ‘घरात’. मी समोर असेन तोवर मला हवा तो शब्द तोंडातून यायचाच नाही.

ही हकिगत मी त्यानंतर जिथे जिथे बोलले तिथे सांगितली. वृक्षवाल्यांना ती गमतीची वाटली, लाटा मोजणाऱ्यांनी मायक्रोफोन कुठला विचारलं. एका प्राध्यापकबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “लबॉव्हने हेच सांगितलं आहे. लोक निरीक्षण होत नसताना कसे बोलतात ते आपल्याला हवं असतं, आणि ते निरीक्षण केल्याशिवाय मिळत नाही. तुमच्यासमोर त्या ‘घरात’ का म्हणतात, हा तुमचा प्रश्न आहे. तुमचं काय करायचं, ते आधी ठरवून या.” माझ्या विषयाला त्यांनी हात लावला नव्हता, मलाच बाजूला काढलं होतं. मी त्याच क्षणी विद्यापीठ निवडलं. ते कोणतं, हे इथे छापत नाही. बाईंच्या निवृत्तीला नियमात बसतील एवढी वर्षं आहेत, आठपैकी एकच जागा उरली आहे आणि तिच्यावर मी रुमाल टाकून ठेवला आहे. प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत व्हायची आहे. हा अंक कुणा स्पर्धकाच्या हाती पडायचा.

राहिला माझं काय करायचं हा प्रश्न. तो परवा आपोआप सुटला. मला उठायला उशीर झाला म्हणून मासळी घ्यायला सासूबाई खाली गेल्या. त्या मूळच्या अलिबागकडच्या. माझ्याशी, नातवाशी, टीव्हीवरच्या बातम्यांशी त्या जी मराठी बोलतात ती शाळेच्या पुस्तकात घालावी अशी. मी जिन्यात थांबून ऐकत होते. टोपलीतली सुरमई उचलून त्या मावशींना म्हणाल्या, “ही कालची हाय, बाय. हिचे डोल्यान बघ जरा.” आणि मावशींनी जे उत्तर दिलं, त्यात पुढच्या पाच मिनिटांत माझ्या प्रबंधाची दोन प्रकरणं होती. इतकी वर्षं एका घरात राहून ही भाषा मी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. अर्थात, त्यांच्याही समोर मीच होते.

वर आल्यावर मी त्यांना रीतसर विनंती केली: मावशींची परवानगी घेऊन मोबाइल टोपलीशेजारी ठेवायचा आणि रोज भाव करायचा. सासूबाईंनी मासा ओट्यावर ठेवला, हात धुतले आणि खुर्चीवर बसून अटी सांगितल्या. मासळी त्या निवडतील, पैसे संशोधन देईल. संकष्टी आणि गुरुवारी रेकॉर्डिंग नाही. प्रबंधात आभार सगळ्यात आधी त्यांचे, गाईडचे नंतर. मग त्यांनी विचारलं, “भाव मी करणार, बोलणार मी, बोलवून घेणार मी. डॉक्टर मात्र तू?”

मी म्हटलं, नियमच तसा आहे. काम सावकाश करू, मला दहा वर्षांपर्यंत मुदत आहे.

“दहा वर्षं तुला लिहून दिलीत,” त्या उठत म्हणाल्या, “मला कुणी दिलेली नाहीत. मी अठ्ठ्याहत्तरची आहे. उद्यापासून साडेआठला उठायचं.”